आखूड की लांब

बुधवार, १२ मार्च

माफ कर, वही. थँक्सगिव्हिंगनंतर तुला हात लावला नाही. कारणं जमवून ठेवली होती – थंडी, काम, शेडमधला बिघडलेला हीटर. सगळी खोटी. लिहिण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तीच लिहायची नव्हती. बाबांचा उजवा हात थरथरतो. घे, लिहिलं.

आज जेवताना बाबांनी चमचा खाली ठेवला (निम्मं सूप आधीच टेबलक्लॉथवर) आणि म्हणाले, "या वर्षीचं इंजिन शेवटचं. रॉड तू ठरव."

"कसले रॉड?"

"पडद्याचे!"

कनेक्टिंग रॉड. पिस्टन आणि क्रँक (खालचा फिरता दांडा) यांना जोडणारा लोखंडाचा हात. तो पाच पूर्णांक सात इंच असावा की सहा इंच, यावरून टॅमरॅक गावात माणसं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत. आखूडवाले आणि लांबवाले. बाबा हे आखूड पंथाचे मूळपुरुष. आमच्या शर्यतीच्या छोट्या ट्रॅकवर, पाव मैलाच्या गोलात, गाडी सतत कोपऱ्यातून बाहेर पडत असते. तिथे आखूड रॉडच हवा – हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आणि आता हेच म्हणतात, तू ठरव!

मी सेहेचाळीस वर्षांची बाई. मॅडिसनची इंजिनियरिंगची पदवी. नोकरी दूध काढायच्या यंत्रांच्या कारखान्यात. पंप बरे करते. बाबांच्या शेडमध्ये आजवर मला पाने-स्क्रूड्रायव्हर फक्त पुसायला दिले होते.

शुक्रवार, १४ मार्च

गावाला कळलं. ब्रेंटने सांगितलं असणार. धाकटा भाऊ गाडी वेगात चालवतो, तोंड त्याहून वेगात.

मार्जीच्या बारमध्ये शुक्रवारचे मासे खायला गेलो तर ताट यायच्या आधी गॉर्डी प्रिबिल आला. ब्रँडीचा ग्लास घेऊन. लांब पंथाचा पोप. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, रविवारी गाडी पळवतो, आणि उरलेल्या वेळात लोकांना सुधारतो. माझ्याच ताटातल्या दोन बटाट्याच्या फोडी उचलल्या, एक लांब, एक आखूड.

"हे बघ, करीन. लांब रॉडवर पिस्टन वर पोचला की जरा टेकतो. दम खातो. आगीला पुरतं काम करू देतो. आखूड रॉडवर? पोचला की पळाला. सासूच्या घरी गेलेल्या माझ्यासारखा!"

बाबा मागच्या टेबलावरून, न वळता: "तुझा टेकून बसलेला असतो, तोवर माझा हवा ओढून कोपऱ्याबाहेर पडलेला असतो."

"काका, गेल्या वर्षी कोपऱ्याबाहेर पडून कितवे आलात?"

"तुझ्या पुढे."

"दोनदाच!"

"तू मोजलंस म्हणजे लागलं."

सगळा बार हसला. गॉर्डीने आखूड फोड सॉसमध्ये बुडवून खाऊन टाकली आणि लांब फोड माझ्या ताटात परत ठेवली, जणू आशीर्वाद. "विचार कर. तू शिकलेली आहेस. गाईंच्या सडांपलीकडेही जग आहे."

नंतर मार्जीने मत दिलं (आखूड). तिच्या नवऱ्याने दिलं (लांब, म्हणूनच). पास्टरसाहेबांनी कोबीचं कोलस्लॉ वाढून घेता घेता आखुडाकडे कल असल्याचं सूचित केलं. या माणसाला स्वतःच्या गाडीचं तेल कुठून घालतात ते माहीत नाही!

रविवार, १६ मार्च

प्रार्थनेत डोळे मिटून त्रिकोणमिती करत होते. कुणाला कळलं नाही. बहुधा.

मंगळवार, १८ मार्च

आकडेमोड पुरी झाली. सगळी शाळेतली त्रिकोणमिती, तरी तीन वेळा तपासली, कारण उत्तर इतकं क्षुल्लक आलं की माझंच चुकलं असं वाटलं.

क्रँकची पाव फेरी झाली असताना दोन्ही पिस्टन किती खाली आलेले असतात? फरक – चौदा हजारांश इंच. मग युकर खेळायचा पत्त्यांचा कॅट काढून एक पत्ता मायक्रोमीटरने मोजला. बारा हजारांश. म्हणजे एक पत्ता आणि त्यावरचं चिप्सचं तेल!

एवढ्यासाठी या गावात दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या चर्चमध्ये जातात.

ताकदीत फरक पडत असेल तर दोन-तीन घोड्यांचा. हवा दमट झाली की याहून जास्त घोडे गोठ्यातून निघून जातात. सगळं छान कागदावर मांडून शेडमध्ये गेले. मनात थोडी मिजास होती, कबूल. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पत्ताही हातात घेऊन बघितला. इस्पिकचा गुलाम होता.

"गणित बरोबर आहे?"

"हो."

"मग ठरव."

"अहो बाबा, फरकच नाही तर ठरवायचं कशावरून?"

"फरक असता तर तुला कशाला विचारलं असतं? मीच ठरवलं असतं."

मागे रेडिओवर दुधाचे भाव चालले होते.

गुरुवार, २० मार्च

बाबांच्या शेडमध्ये खिडकीशेजारी खिळ्यांची एक ओळ आहे. प्रत्येक खिळ्याला एक जुना स्पार्क प्लग टांगलेला. लहानपणापासून ती भिंत मला आवडत नाही. ती स्मशानभूमी आहे.

आमच्या ट्रॅकवरचा हक्काचा नियम! कुणी महागडं इंजिन बसवून गरिबाला हरवू नये म्हणून कधीतरी कुणा सज्जनाने केलेला. जिंकलेल्या गाडीचं इंजिन पहिल्या पाचांतला कुणीही, नियमात छापलेली किरकोळ रक्कम पंचांच्या खिडकीत ठेवून, हक्काने घेऊन जातो. नाही म्हणालात तर जिंकणं रद्द. फक्त कार्ब्युरेटर आणि प्लग आपल्याकडे राहतात. हिवाळाभर माणूस खपणार, जिंकणार, आणि जिंकल्याची शिक्षा म्हणून मोकळी गाडी घरी ढकलत आणणार. दुसऱ्या कुठल्या खेळात धावपटूचे पाय काढून दुसऱ्या नंबरवाल्याला देतात?

बाबांची इंजिनं अशीच गेली. प्रत्येक वेळी ते एक प्लग घरी आणून खिळ्याला लावायचे. काही बोलायचे नाहीत. आई म्हणायची, त्यांना एकटं सोड.

आणि हे शेवटचं. हे जिंकलं तर जाणार. उरलं, तर ते जिंकलं नाही म्हणून. गेले आठ दिवस मी चौदा हजारांश इंचांशी खेळते आहे ते बहुतेक याच्याकडे बघायला नको म्हणून.

बाबा क्रँक पुसत होते. मध्येच विचारलं, "या इंजिनाने काय करावं असं वाटतं तुला?"

"टिकावं," मी म्हटलं.

"हं."

त्या 'हं'चा अर्थ लागला नाही. एरवी लागतो.

सोमवार, २४ मार्च

लांब.

ठरवलं. लांब रॉड कमी तिरका होतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला कमी घासतो, इंजिन जास्त दिवस जगतं. हे कारण खरं आहे. आता प्रामाणिकपणे: तिरकेपणातला फरक एक अंशसुद्धा नाही. म्हणजे माझं कारणही पत्त्याएवढंच. गॉर्डीला हसले आणि त्याच्याच देवळात जाऊन बसले.

बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच मॅनिटोवॉकच्या पार्टवाल्याला फोन लावला. "आल्विन स्कोगेन. सहा इंची रॉड हवेत... हो, नीट ऐकलंस... नाही, बरा आहे मी... आणि पिस्टन बुटके दे, नाहीतर डोकं छपराला लागेल... अरे म्हटलं ना, बरा आहे!"

ब्रेंट संध्याकाळी आला. "ताई, लांब? बाबांच्या शेडमध्ये? उद्या चर्चवर चंद्रकोर लावशील."

"गाडी तू चालव, आत काय आहे ते आम्ही बघू."

'आम्ही' म्हटलं मी. बाबांनी ऐकलं. वर बघितलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

रॉड आले. खोक्यावर पार्टवाल्याने पेनने लिहिलं होतं – 'आल्विन, ही एप्रिल फूलची गंमत असेल तर परत घेतो.'

शनिवार, १२ एप्रिल

बर्फ वितळून अंगणात चिखल. इंजिन जोडायला घेतलं.

बाबा उलट्या दुधाच्या क्रेटवर बसून होते, हात माझे. पहिला पिस्टन आत ढकलताना त्यांनी मला थांबवलं. स्वतः पुढे आले. रिंग दाबून धरायची पट्टी उचलली, आणि ती सिलिंडरच्या काठावर टकटक वाजायला लागली. दार वाजवल्यासारखी. आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"कुणी आलंय वाटतं," ते म्हणाले, आणि पट्टी माझ्या हातात देऊन परत क्रेटवर बसले.

मला हसायचं होतं. जमलं नाही. मग उगाच कडक आवाजात विचारलं, "बोल्ट किती आवळू?" माहीत होतं. विचारलं.

सगळे आठ पिस्टन बसल्यावर त्यांनी क्रँक हाताने फिरवून बघितला. सुरळीत, लोण्यातून सुरी. "लांबसुद्धा फिरतो की!" म्हणाले. गॉर्डी तिथे नव्हता हे त्याचं दुर्दैव.

शनिवार, २६ एप्रिल

आज एक काम केलं. बरोबर की चूक, ते इथे ठरवते.

गॉर्डीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तो नांगराखाली झोपला होता. फक्त बूट बाहेर. बुटांशी बोलले.

"गॉर्डी, पुढच्या रविवारी हंगाम सुरू होतोय. ब्रेंट जिंकला तर इंजिनावर हक्क सांगू नकोस. बाबांचं शेवटचं आहे ते."

बूट हलले नाहीत. मग सगळा गॉर्डी बाहेर आला. "म्हणजे हरायचं मी, आणि वर काही मागायचंही नाही?"

"हर म्हणत नाही. तुझ्याने होईल तेवढं कर."

"त्यात लांब रॉड आहेत म्हणे. माझं ऐकलंस शेवटी."

"गणिताचं ऐकलं."

"गणित माझ्याच बाजूने आहे, मग!" जरा फुशारून झाल्यावर तो चिंधीने हात पुसत बसला. बराच वेळ. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. "काकांना माहीत आहे, तू इथे आलीस ते?"

"नाही."

"बरं." चिंधी फेकली. "बाकीच्यांनाही सांगतो. कुणी हात लावणार नाही. शब्द दिला."

परत येताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पुलापर्यंत. पुढे एक शंका आली: हे मी बाबांसाठी केलं की माझ्यासाठी? शेडमध्ये ते इंजिन राहिलं तर मी आयुष्यभर त्याच्याकडे बघून म्हणू शकेन, हे आम्ही दोघांनी जोडलं. हेही कारण आहे. पण ते एकटंच नाही. बाबा खिळा ठोकायला हातोडी धरतील तेव्हा हात कसा हलेल, ते मला बघायचं नाही.

तर ठरलं: बरोबर.

रविवार, ४ मे

जिंकलो! ब्रेंट जिंकला! पहिल्याच शर्यतीत!

आणि कसा – शेवटच्या फेऱ्यांत गॉर्डीच्या आतल्या बाजूने पुढे काढून, कोपऱ्यातून बाहेर पडताना! जिथे लांब रॉड मागे पडतो असं आखूडवाले शपथेवर सांगतात, नेमकं तिथेच. स्टँडमध्ये मजा झाली. आखूडवाल्यांना टाळ्या वाजवाव्या की नाही कळेना, कारण गाडी आल्विनची पण रॉड पाखंडी. लांबवाले नाचले, पण हरला त्यांचा पोप! मार्जी आणि तिचा नवरा, दोघंही एकदमच म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

आता दुसरी गोष्ट.

गाडी तपासणीच्या जागी आली. बॉनेट उघडं. बाबा बाजूला उभे. त्यांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता – बाप्तिस्म्यांचा आणि अंत्यविधींचा. शर्यतीला कोण पांढरा शर्ट घालतं? मी सकाळी विचारलं तर म्हणाले, "फोटो काढतात."

पंच वर्न खिडकीतून ओरडला, "हक्क सांगायचा असेल त्याने आत्ता यावं!"

पहिल्या पाचांतले सगळे आले. खिडकीकडे नाही, बाबांकडे. एकेक करून. "अभिनंदन, काका!" "काय बनवलंय, काका!" आणि प्रत्येकाने बाबांचा डावा हात हातात घेतला. उजवा घ्यायचा नाही, हे जणू ठरवून आले होते. ठरवूनच आले असतील. खांद्यावर थोपटलं. आजाऱ्याला भेटून गेल्यासारखे निघून गेले.

गॉर्डी खिडकीजवळ उभा होता. हात खिशात. माझ्याकडे बघितलं. हात रिकामाच बाहेर काढला आणि सॉसेजच्या गाडीकडे गेला.

बाबा तिथेच उभे. लोक गाड्या ट्रेलरवर चढवत होते तरी उभे. शेवटी वर्नला विचारलं, "कुणी आलं?"

"कुणीच नाही! नशीबवान आहेस, आल्विन. तुझं इंजिन तुझ्याकडेच राहिलं."

बाबांचा चेहरा... थकले असतील. उन्हात इतका वेळ. घरी येताना खायला घेतलेली चीज कर्ड्सची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच राहिली. ब्रेंट गात होता.

मला आनंद झालाय. लिहून ठेवते म्हणजे उद्या शंका नको.

सोमवार, ५ मे

कामावरून आले तर बाबा शेडमध्ये. इंजिन गाडीतून उतरवलेलं, स्टँडवर. ब्रेंट कडेला, माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले.

"काय करताय?"

"उघडायचंय. आखूड बसवतो."

"बाबा, जिंकलो आपण!"

"ब्रेंट जिंकला. चांगला चालवतो पोरगा."

"मग?"

"मग काय? न्यायला कुणी आलं नाही." हे त्यांनी पाना शोधता शोधता सांगितलं. "लोकांना कान असतात. दुरून ऐकून कळतं, आत दम आहे की नाही. आजवर माझं जिंकलेलं एकही इंजिन कुणी सोडलं नव्हतं. तुझी आई चिडायची, तिला ते नुकसान वाटायचं."

मी वेड्यासारखी परत त्रिकोणमितीवर गेले. पत्ता. चौदा हजारांश. रॉडचा काही संबंध नाही हे सिद्ध करून दाखवायला लागले, कागदावर! बाबा ऐकत होते.

"गणित बरोबर असेल," म्हणाले. "मग दुसरं काय कमी पडलं, ते सांग."

सांगता आलं नाही. कागदाची घडी घालत राहिले. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं – मीच त्यांना येऊ नका म्हटलं. ब्रेंटने विचारलं, "ताई, तुला काय झालं?" मी म्हटलं, ग्रीसचा वास.

पाना त्यांच्या हातातून दोनदा पडला. मग मीच म्हटलं, शनिवारपर्यंत उघडू नका, मी उघडून देते. कबूल झाले.

मंगळवार, ६ मे

स्मशान नाहीच ते! प्लगची ती भिंत म्हणजे बाबांची बक्षिसं.

बाबा झोपलेले असताना शेडमध्ये गेले. दुपारची वेळ, भिंतीवर ऊन. प्लगच्या ओळीच्या टोकाला एक नवा खिळा. चकचकीत. आजूबाजूला लाकडावर हातोडीचे चुकलेले घाव, बरेच.

ब्रेंटला फोन केला. "तो? बाबांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी ठोकला. मी ठोकतो म्हटलं तर देईनात."

गॉर्डीला 'हक्क सांग' असं म्हणायचं नाही. तेवढं तरी शिकावं मी. पुढच्या वेळी जिंकलो आणि त्याला हवं असेल, तर तो घेईल. नको असेल तर बाबांचं खरं, इंजिनात दम नव्हता.

उद्या: गॉर्डीला त्याचा शब्द परत देणे.